विनिफ्रेडने खिडकी का उघडली

परीक्षा मंडळाच्या पत्रात माझं नाव बिनचूक लिहिलं होतं, तेवढीच त्यातली चांगली गोष्ट. कुमारी श्रावस्ती मेश्राम, हिंगणघाट. नावाच्या खाली मात्र मला चोर ठरवलं होतं. अर्थात सरकारी भाषेत.

‘आपली इंग्रजी साहित्याची उत्तरपत्रिका इतर तीनशे शहाऐंशी उमेदवारांच्या उत्तरपत्रिकांशी आशयाने जुळत असल्याचे निदर्शनास आले आहे. प्रश्न सातमध्ये सर्वांनी, बर्फ घशात जाऊन खोकला येतो, असे लिहिले आहे. प्रश्न अकरामध्ये सर्वांनी, आईच्या मृत्यूनंतर विनिफ्रेड खिडकी उघडते ती सुटल्यासारखे वाटल्यामुळे, असे लिहिले आहे. दोन्ही विधानांना मूळ कादंबरीत आधार नाही. आपली परीक्षा कायमची रद्द का करू नये, याचा खुलासा पालकांसह उपस्थित राहून करावा.’

मी ते बाबांना वाचून दाखवलं. म्हणजे बर्फापर्यंत वाचलं. प्रश्न अकरा गिळला आणि एकदम खुलाशावर आले.

“म्हणजे तुह्यं पायून लिवलं का त्याईनं?” बाबांनी विचारलं.

“तसंच समजा.”

“मंग तुले काऊन बलावलं?”

बाबा नगरपरिषदेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडतात. कुठल्या गल्लीचं पाणी कुठून येतं हे त्यांना चाव्यांनिशी पाठ आहे. त्यांचा प्रश्न बरोबरच होता. पाणी माझ्याकडून गेलं होतं, मग चोरीचा जाब मला का?

हे सगळं समजायला थोडं मागे जावं लागेल. आमच्या आधीच्या पिढीनं इंजिनिअरिंगसाठी जीव टाकला. पुढे पूल, प्रोग्रॅम, घरांचे नकाशे सगळं यंत्रंच करू लागली आणि निम्म्या कॉलेजांना कुलपं लागली. समोरचा माणूस काय बोलतोय आणि काय लपवतोय हे ओळखायची कामं तेवढी माणसांकडे उरली. ते शिकवायचं तर मुलांना जुन्या कादंबऱ्या वाचायला लावा, असं कुणा शहाण्यांनी ठरवलं. झालं. २०४१ साली वर्ध्याच्या भिंतींवर फिजिक्स-केमिस्ट्रीच्या जागी ‘इंग्रजी अभिजात साहित्य, खात्रीशीर निकाल’ अशा पाट्या झळकत होत्या. अभ्यासक्रमाला बारा कविता आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीची साडेपाचशे पानांची एक कादंबरी होती. चांगला क्रमांक आला तर शिक्षण फुकट आणि पुढे नोकरी नक्की. नाही आला तर हिंगणघाट.

आमच्या वर्ध्याच्या क्लासचे निस्ताने सर आधी फिजिक्स शिकवायचे. आपण आयुष्यात एकही कादंबरी पुरी केलेली नाही, हे ते अभिमानानं सांगत. पण त्यांनी विदर्भात सगळ्यात आधी टोपी आणली.

टोपीचं शास्त्र ते मात्र छान समजावून सांगायचे. आपण वाचतो तेव्हा मेंदू अक्षरं साठवत नाही. ‘नदी’ असं वाचलं की तो आपल्या आठवणीतली एखादी नदी काढून तिथं ठेवतो. ‘म्हातारा’ वाचलं की ओळखीचा म्हातारा. शब्द आणि आपल्याकडचं चित्र यांची गाठ बांधायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग करतो. ही गाठ बांधली जाताना मेंदूभोवती अतिशय सूक्ष्म चुंबकीय हालचाल होते, ती टोपी टिपून ठेवते. अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं झोपेत होतं. झोपेत मेंदू दिवसभराच्या गाठी पुन्हा एकदा आवळतो. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या कुणाच्या टोपीतून टिपलेली हालचाल त्याला हलक्या स्पंदनांनी दिली, की तो ती गाठ आपलीच समजून आवळून टाकतो. सकाळी कादंबरीवरून भरभर नजर फिरवायची, जेवायचं, दुपारी एक ते तीन टोपी घालून झोपायचं. आठवड्याभरात कादंबरी फार पूर्वी जीव लावून वाचल्यासारखी वाटू लागते.

“आणि ज्यानं आधी वाचलं त्याचं खासगी काही?” मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“ते गाळलं जातं. फक्त आकलन जातं पुढे,” सर म्हणाले.

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कारण वर्गातली मूळ वाचक, म्हणजे जिचं वाचन टिपून बाकीच्यांना द्यायचं ती, मी होते. मूळ वाचकाला फी माफ असायची, आणि आमच्या घरात इंग्रजी चांगलं येणं ही साधी गोष्ट नव्हती. मी पहिलीत असल्यापासून आई मला इंग्रजी वाचायला लावायची आणि एक अक्षर कळत नसताना समोर बसून ऐकायची.

क्लासच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. तीन महिने रोज सकाळी सात ते अकरा मी तिथं टोपी घालून वाचत असे. कादंबरी उत्तर इंग्लंडातल्या एका गावाची. विनिफ्रेड थॉर्प नावाची मुलगी अंथरुणाला खिळलेल्या आईची सात वर्षं सेवा करते. लग्न मोडतं, भाऊ परदेशी निघून जातो, आणि गावावर बर्फ पडत राहतो. पानंच्या पानं बर्फ.

आता मी बर्फ कुठला पाहणार? मला दिसायचा कापूस. आई जिनिंगमध्ये कामाला होती. सरकी काढायच्या यंत्रापर्यंत कापूस ओढत न्यायचा, हे तिचं काम. तिथं हवेत सतत पांढरं काहीतरी तरंगत असतं. लहानपणी मी तिचा डबा घेऊन जायची तेव्हा तो पांढरा भुगा केसांवर बसायचा आणि घशात जाऊन खोकला यायचा. तोच भुगा चौदा वर्षांत आईच्या फुप्फुसात जाऊन बसला. शेवटची तीन वर्षं ती घरात ऑक्सिजनच्या मशीनवर होती. ती मशीन चोवीस तास घरघरायची. मी तिच्या उशाशी अभ्यास केला, तिथंच जेवले, तिथंच दहावी झाले.

एकतिसाव्या प्रकरणात विनिफ्रेडची आई जाते. लेखक फार शब्द खर्च करत नाही. विनिफ्रेड आईच्या अंगावरची चादर नीट करते, चालत खिडकीशी जाते, सात वर्षं बंद असलेली खिडकी उघडते आणि रस्त्यावरच्या गाड्या मोजते. प्रकरण संपलं. तिला काय वाटलं, ते तो लिहीतच नाही. बाजारातली सगळी गाईडं सांगतात की ती दुःखानं बधिर झाली होती.

मी ते पान वाचलं आणि मला कळलं की ती बधिर वगैरे काही नव्हती.

माझी आई एका रविवारी भर दुपारी गेली. बाबा लोकांना कळवायला बाहेर पडले. मी मशीन बंद केली. तीन वर्षांत पहिल्यांदा घरात आवाज नव्हता. मी पलीकडच्या खोलीत गेले, फरशीवर आडवी झाले आणि झोपले. रडले नाही. सुटले, असं वाटलं. ती सुटली असं नाही, मी सुटले. चार वाजता जागी झाले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि बाबा मावशीला सांगत होते, “पोरगी बेशुद्ध पडली हो आईसाठी. तीन तास झाले, डोये उघडले नाई.”

मी दुरुस्ती केली नाही. त्यानंतर दोन वर्षं बाबा हे प्रत्येकाला सांगत आले. मावशी अजून माझ्या तोंडावरून हात फिरवताना तेच सांगते. आईवर जीव असावा तर असा, म्हणतात. त्या बेशुद्धीवर मी दोन वर्षं लोकांची माया घेतली, आणि प्रत्येक वेळी मला स्वतःची किळस आली.

आता सांगा, हे ‘गाळायचं’ कसं? बर्फाच्या जागी मला कापूसच दिसत असेल, तर कापूस हेच माझं आकलन. यंत्राला यातलं खासगी कुठलं आणि साहित्यिक कुठलं, ते काय कळणार?

दुपारच्या झोपेच्या बॅचा सुरू झाल्या. तीन मजल्यांवर रांगेनं खाटा मांडलेल्या होत्या. आठवड्याभरात वर्गात खोकल्याची साथ आल्यासारखं झालं. सरांनी गाद्या उन्हात टाकल्या.

मग एके दिवशी पाण्याच्या टाकीपाशी प्रतीक उमाटेनं मला गाठलं. आर्वीचा मुलगा, हसरा, घरात दोन पिठाच्या गिरण्या. त्या दिवशी मात्र हसत नव्हता.

“तुला एक विचारू? कोणाला सांगू नको,” तो म्हणाला. “काल घरी गेलो तर आई दुपारची झोपली होती. चांगली ठणठणीत आहे ती. तिला तसं झोपलेलं पाहिलं आणि मला एकदम वाटलं, बरं झालं, सुटलो. असं कसं वाटेल मला? मी घाबरून तिला हलवून उठवलं. ती म्हणाली, वेडा झाला का तू?”

तो आणखी जवळ आला.

“हे माझ्या मनातलं आहे का, टोपीतलं? तुझं आहे का हे?”

“नाही,” मी म्हणाले.

तो मान हलवून गेला. तीनशे शहाऐंशी मुलं आपापल्या घरी जाऊन आपल्या जित्या आयांकडे त्या नजरेनं पाहत असतील, हे मला तिथं टाकीपाशी उभं राहून कळलं. आणि तरी मी ‘नाही’ म्हणाले. कारण ‘हो’ म्हटलं असतं तर ते फिरत फिरत बाबांपर्यंत आलं असतं.

परीक्षेत तोच प्रश्न आला. विनिफ्रेड खिडकी का उघडते? मी दोन मिनिटं पेन हातात धरून बसले. गाईडातलं लिहावं असं मनात आलं. पण मला त्या मुलीबद्दल खोटं लिहवेना. स्वतःबद्दल दोन वर्षं चालवून घेतलं होतं, तिच्याबद्दल नाही चालवता आलं.

पुढचं पत्र तुम्ही वाचलंच आहे. निस्ताने सरांचा फोन आला. “रेकॉर्डिंगं मी सगळी पुसून टाकलीत. टोपीचं नाव काढायचं नाही. सगळ्यांनी योगायोग म्हणायचं. फार तर परीक्षा जाईल, पुढच्या वर्षी दुसरी कुठली देऊ.”

“सर, माझं वाचन मी स्वतः केलं होतं.”

“सिद्ध कर मग,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

सुनावणी नागपूरला, गुरुवारी सकाळी अकराला होती. समितीच्या अध्यक्ष डॉ. मालती हरदास, तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या. शेजारी मेंदूशास्त्राचे डॉ. सय्यद. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. आधीच्या दिवसांत चाळीसएक मुलं ‘योगायोग’ असं सांगून गेली होती.

मी टोपीचं सगळं सांगितलं. डॉ. सय्यद यांना त्याचं नवल वाटलं नाही. “आम्हाला तसाच संशय होता,” ते म्हणाले. “पण मूळ उत्तर माझंच, असं आणखी सहा जणांनी म्हटलं आहे. एक लक्षात घे. ज्याला दुसऱ्याचं वाचन मिळतं त्याला भावना मिळते, प्रसंग मिळत नाही. सुटल्यासारखं वाटतं, पण कधी, कुठं, कशामुळं ते त्याला सांगता येत नाही. ज्याचं आहे त्याला सांगता येतं. आणि नुसतं सांगून भागणार नाही, त्याला दुसऱ्या कुणाची तरी साक्ष लागेल.”

बर्फाचं सोपं होतं. मी जिनिंगचं सांगितलं, बाबांनी मान डोलावली. “हाव साहेब, डबा हेच नेऊन देत होती.”

“आणि प्रश्न अकरा?” हरदास मॅडमनी विचारलं.

बाबा माझ्याकडे पाहत होते. हा प्रश्न काय आहे, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मी म्हणू शकले असते की काही आठवत नाही. परीक्षा गेली असती, बेशुद्धी राहिली असती. मला खरंच तेच करावंसं वाटत होतं. पण दाराबाहेर बाकावर प्रतीक बसला होता, आणि आपण आईचं मरण मागणारे आहोत असं समजून तो दोन महिने जगत होता. ते ओझं त्याचं नव्हतं.

मी सांगितलं. रविवार सांगितला, मशीन सांगितली, फरशी सांगितली. “सगळे म्हणतात मी बेशुद्ध पडले होते. मी बेशुद्ध नव्हते. मी झोपले होते. मला सुटल्यासारखं वाटलं म्हणून झोप लागली,” असं म्हणाले आणि टेबलाच्या पायाकडे पाहत राहिले. बाबांकडे पाहायची हिंमत नव्हती.

मग हरदास मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, “मेश्राम, तुमची मुलगी जे सांगते आहे त्याला साक्षीदार फक्त तुम्ही आहात. तुम्ही तेव्हा काय पाहिलं?”

बाबा उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती. एकदा खाकरले.

“बेशुद्ध नव्हती, मॅडम. झोपली होती,” ते म्हणाले. “मी आत गेलो तं घोरून रायली होती. बेशुद्ध माणूस घोरत नाई. तीन वर्स तिनं पुरी झोप घेतली नव्हती. इतक्यात तिची मावशी आली, चुलत्या आल्या. आता आई गेली अन् पोरगी झोपली, असं बाया म्हणतीन. जनमभर म्हणतीन. म्हणून मी म्हटलं, बेशुद्ध पडली. दार लोटून घेतलं अन् बाहेर बसलो, कोणाले आत जाऊ देल्लं नाई.”

मी मान वर केली. ते माझ्याकडे पाहतच नव्हते, मॅडमकडे पाहत होते, शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहून. दोन वर्षं मी ज्या खोट्याखाली दबून बसले होते, ते त्यांनी माझ्या अंगावर पांघरूण म्हणून घातलं होतं. मला रडू फुटलं. आई गेल्यावर जे आलं नव्हतं ते आत्ता, सरकारी खोलीत, दोन अनोळखी माणसांसमोर आलं.

डॉ. सय्यद यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. हरदास मॅडमनी चष्मा काढून पुसला.

“हा पेपर तुझा आहे,” त्या म्हणाल्या. “ग्राह्य धरला जाईल. आणि तीस वर्षं मी या प्रकरणाखाली मुलांना ‘दुःखाने बधिर’ असं लिहून देत आले. माझा कुणी पेपर रद्द केला नाही.”

बाहेर आल्यावर मी आधी प्रतीककडे गेले. “ते माझं होतं,” मी त्याला सांगितलं. “तुझं नव्हतं. मी तेव्हा खोटं बोलले.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याला बरं वाटलं की माझा राग आला, कळलं नाही. उरलेल्या तीनशे पंच्याऐंशी जणांना कोण सांगणार आणि सांगितल्यानं ती गाठ सुटेल का, हे डॉ. सय्यद यांनाही सांगता आलं नाही. बांधायचं यंत्र निघालं आहे, सोडवायचं निघालेलं नाही.

बस दोन वाजता होती. स्टँडवर आम्ही एका बाकावर बसलो. बाबांनी चहा आणला. या दोन वर्षांत एक गोष्ट मी त्यांना कधीच विचारली नव्हती. मी साडेपाचशे पानांतल्या बाईला काय वाटलं ते शोधत बसले होते.

“बाबा, आई गेली तेव्हा तुम्हाले काय वाटलं होतं?”

त्यांनी चहा संपवला. कप बाकाखाली ठेवला.

“सरकारी दवाखान्यात तपासणीले तिचा मंगळवार राहे,” ते म्हणाले. “ती रविवारी गेली. मंगळवारी सकाळी सातले मी दवाखान्यात गेलो अन् नंबर लावला.”

“कोणाचा?”

“तिचाच. चिठ्ठी काढली, बाकावर बसलो. मनात काईच नव्हतं, पोरी. मंगळवार हाय, नंबर लावा लागते, इतकंच. साडेबाराले नर्सनं नाव पुकारलं. शालिनी मेश्राम.”

“मग?”

“उठून उभा रायलो. नर्स म्हणे, पेशंट कुठी आहे? मी म्हटलं, येऊन रायली मांगून.”

दवाखाना बंद होईपर्यंत ते तिथं बसून होते.